रुळांवरची धूळ कोणाच्या खात्यात? मुरगाव–कॅसलरॉक मार्गाचे प्रकरण

मुरगाव बंदरात उतरून रेल्वेने कर्नाटकात जाणाऱ्या कोळशावरून गोव्यात वाद आहे. त्यात बंदराबद्दल भरपूर लिहून आले आहे आणि मोलेच्या जंगलाबद्दलही. या दोन टोकांना जोडणारी सुमारे 80 किलोमीटरची लोहमार्गाची पट्टी मात्र कागदोपत्री कुठेच नीट सापडत नाही. वास्को, दाबोळी, वेळसाव, कासावली, मडगाव, चांदर, सावर्डे, कुळे आणि तिथून घाट चढून कर्नाटकातले कॅसलरॉक. या पट्टीवर गाड्यांमुळे जी धूळ उठते ती कसली, ती कुठे बसते, ती कोण मोजते आणि ती कोणाची धरायची, एवढ्यापुरते हे टिपण आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. बंदराच्या फाटकाच्या आत धुळीला मालक आहे. तिथे परवाना आहे, अटी आहेत, नोटीस कोणाच्या नावे काढायची हे ठरलेले आहे. रेक, म्हणजे वाघिणींची अख्खी गाडी, फाटकाबाहेर पडली की तीच धूळ बेवारशी होते. बंदरवाले म्हणतात, माल रेल्वेच्या ताब्यात दिला. रेल्वे म्हणते, माल झाकून देणे हे माल भरणाऱ्याचे काम. प्रदूषण मंडळाची यंत्रे बंदराच्या आणि शहराच्या आसपास. या तिघांच्या मधल्या जागेत रुळाकाठची घरे येतात.

मार्ग आणि माल

हा मार्ग पोर्तुगीज काळातला. 1880 च्या दशकात इंग्रजी भांडवलावर बंदर आणि लोहमार्ग एकाच योजनेत बांधले गेले. दख्खनचा माल समुद्रापर्यंत आणणे हा हेतू. त्या वेळी मीटरगेज होता, 1990 च्या दशकात ब्रॉडगेज झाला. आज तो दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागाकडे आहे. कुळे ते कॅसलरॉक हा सुमारे 26 किलोमीटरचा तुकडा म्हणजे ब्रागांझा घाट. दूधसागरच्या धबधब्यासमोरून गाडी जाते तो फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. घाटाचा चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेल्यावर 1 मीटर वर. अवजड मालगाडीला हा चढ फार मोठा. त्यामुळे पुढे-मागे मिळून चार-पाच इंजिने लावावी लागतात.

माल बदलत गेला. गोव्याच्या खाणींचे लोहखनिज हे मुरगावचे पिढ्यान्‌पिढ्यांचे निर्यातीचे पीक. सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. पुढे मर्यादा घालून खाणी सुरू झाल्या आणि फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 पट्टे पुन्हा रद्द झाले. खनिज आटले आणि बंदराचा गाडा आयात कोळशावर चालू लागला. बल्लारी भागातल्या तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्याला कोकिंग कोळसा लागतो, आणि तो भारतात फारसा चांगला मिळत नाही. जेएसडब्ल्यू समूहाची साउथ वेस्ट पोर्ट ही कंपनी 5अ आणि 6अ हे धक्के आधीपासून चालवत होती. नंतर 7 नंबरच्या धक्क्यावर अदानी समूहाचे टर्मिनल आले. मंजूर मर्यादेबाहेर कोळसा हाताळल्याच्या मुद्द्यावरून 2018 च्या सुरुवातीला गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने साउथ वेस्ट पोर्टला कोळशाचे काम थांबवायला सांगितले होते. बंदराच्या आत धुळीला मालक आहे म्हणतो ते अशासाठी. आदेश काढायला पत्ता असतो.

गाडीतून नेमके काय उडते

रुळाकाठच्या काळ्या थराला सगळे जण सरसकट कोळसा म्हणतात. तो कोळसा असतोच, पण एकटा नसतो.

पहिला भाग मालाचा. कोळसा उघड्या वाघिणींतून जातो. एका रेकमध्ये 58-59 वाघिणी, प्रत्येकीत अंदाजे 68 ते 70 टन, म्हणजे रेकमागे चार हजार टनांच्या आसपास. वाघिणीत ढीग मध्यावर उंच आणि कडेला उतरता राहिला की वरचा थर वाऱ्याच्या तोंडी सापडतो. गाडीचा वेग, समोरचा वारा, कोळशातला ओलावा आणि भुकटीचे प्रमाण यावर किती उडेल ते ठरते. हादऱ्यांनी ढेकळे एकमेकांवर घासून वाटेतही नवी भुकटी तयार होते. शिवाय लोडर यंत्राने भरताना वाघिणीच्या कडांवर, बाहेरच्या पट्ट्यांवर, खालच्या सांगाड्यावर जे सांडलेले असते ते पहिल्या काही किलोमीटरांत खाली येते. वास्को ते कासावली या पट्ट्यात तक्रारी जास्त का, याचे एक कारण मला हे वाटते. दुसरे कारण असे की सपाटीवर गाडी वेग धरते. घाटात भरलेली गाडी रांगत चढते, तिथे वाऱ्याने उडणारे प्रमाण कमी असायला हवे.

ताडपत्री घालतात. पण वाघिणीवर दोरीने बांधलेली ताडपत्री हे काय प्रकरण असते ते ज्यांनी मालगाडी जवळून जाताना पाहिली आहे त्यांना सांगायला नको. एक कोपरा सुटला की पुढच्या स्टेशनापर्यंत ती फडफडत जाते, आणि फडफडणारी ताडपत्री खालची भुकटी झाडूनच काढते. आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही: परतीची रेक. तोरणगल्लूला रिकामी झालेली वाघिण तळाशी आणि कोपऱ्यांत भुकटी घेऊनच परत येते, आणि रिकाम्या वाघिणीवर ताडपत्री घालण्याचे कष्ट कोण घेतो? ती हलकी असते, वेगाने जाते आणि आत वारा घुमतो.

दुसरा भाग लोखंडाचा. चाक रुळावर घासते, ब्रेकचे ठोकळे चाकावर घासतात, वळणावर चाकाची कड रुळाच्या बाजूला घासते. या झिजेतून निघणारे कण मुख्यतः लोखंडाचे, सोबत मँगनीज. विजेवर चालणाऱ्या मार्गावर वरच्या तारेचे तांबेही त्यात येते. झुरिकमध्ये रुळाशेजारच्या हवेतून या तिन्ही धातूंचे कण वेगळे काढून मोजले गेले आहेत. यातले जाडे कण रुळापासून थोड्याच अंतरात खाली बसतात. ब्रागांझा घाटात ही झीज उतरणीवर. गाडी खाली येताना सलग ब्रेक लावलेले असतात, ठोकळे तापतात, जळका वास सुटतो. चढणीवर वेगळीच धूळ तयार होते: चाके घसरू नयेत म्हणून इंजिनातून रुळावर वाळू सोडतात, ती चाकाखाली दळली जाते आणि तिचे पीठ होते. वाळू म्हणजे सिलिका. पावसाळ्यात रूळ ओले असतात तेव्हा वाळू जास्त लागते. तेव्हा ती उडत नाही, ओघळाबरोबर उतारावरून खाली जाते.

तिसरा भाग डिझेलच्या धुराचा. वजनाने हा सगळ्यात थोडा असेल, पण छातीत सगळ्यात खोल जाणारा हाच. डिझेलचा धूर माणसात कर्करोग करतो यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2012 मध्ये शिक्कामोर्तब केले. चार-पाच इंजिने पूर्ण ताकदीने घाट चढत असताना बोगद्यात काय होत असेल याची कल्पना करता येते. विजेची इंजिने आली की हा भाग जातो. कोळसा आणि लोखंडाचा भाग तसाच राहतो, हे विद्युतीकरणाच्या जाहिराती वाचताना ध्यानात असू द्यावे.

चौथा भाग म्हणजे आधीच पडलेली धूळ. प्रत्येक गाडी ती पुन्हा उठवते. प्रवासी गाडीसुद्धा. म्हणून ‘आत्ता तर कोळशाची गाडी गेलीच नाही’ हा युक्तिवाद फार दूर जात नाही.

बलकांवावरचा थर

रुळापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका जुन्या घराचा बलकांव, म्हणजे दारासमोरचा बसायचा ओटा. बसायच्या सिमेंटच्या बाकावर बोट फिरवले तर रेघ उठते. रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायचे आणि दुपारपर्यंत पुन्हा तेच. वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर ठिपके येतात, झटकले तर पसरतात, म्हणून झटकायचेही नाही. तुळशीच्या पानांच्या वरच्या बाजूला काजळी, खालची बाजू स्वच्छ. स्वयंपाकघराची रुळाकडची खिडकी कायम बंद. ही धूळ वरून पडणारी आहे, हे पानांवरून कळते.

या थराची घरच्या घरी थोडी उलटतपासणी करता येते. धूळ कोऱ्या कागदावर घ्यावी आणि कागदाखालून चुंबक फिरवावा. काही कण चुंबकामागे रांग धरून सरकतात. ती चाक, रूळ आणि ब्रेकची झीज. उरलेल्यातले थोडे पेल्यातल्या पाण्यावर हलक्या हाताने सोडावे. कोळशाच्या बारीक भुकटीला पाणी चटकन भिजवत नाही, तिचा काळा चकचकीत पापुद्रा वर तरंगत राहतो. माती तळाशी जाते. हा पुरावा नव्हे. गोव्याच्या जांभ्या मातीतही काही कण चुंबकाला ओढले जातात, आणि चुलीची काजळीही पाण्यावर तरंगते. पण आपल्या दारातली धूळ किती जिनसांची आहे हे डोळ्यांना दिसते, आणि मग ‘सगळा कोळसाच’ आणि ‘कोळसा नाहीच, ही रस्त्याची धूळ’ ही दोन्ही टोके सोडून बोलता येते.

आजाराच्या बाबतीतही तोलून बोलणे बरे. खाणकामगारांना होणारा काळ्या फुप्फुसांचा रोग वर्षानुवर्षे बंद जागेत भरपूर कोळसा श्वासात गेल्याने होतो. रुळाकाठच्या घरात तेवढी मात्रा नसते. सभेत त्या रोगाचे नाव घेतले की टाळ्या पडतात, पण दुसऱ्या दिवशी समोरची बाजू तेच एक वाक्य पकडून सगळी तक्रार मोडीत काढते. दमेकरी, लहान मुले आणि म्हातारी माणसे यांना सूक्ष्म कणांचा त्रास होतो, त्यासाठी कोळसा असण्याचीही गरज नाही. तेवढे म्हणणे पुरेसे आहे, आणि ते कोणाला खोडता येणार नाही.

मापात न बसणारी धूळ

आता खरी गोम. हवेच्या राष्ट्रीय मानकांत पूर्वी ‘एकूण तरंगते कण’ असे एक माप होते. 2009 मध्ये मानके सुधारली तेव्हा ते माप गेले आणि पीएम 10 व पीएम 2.5 ही दोन उरली. म्हणजे 10 मायक्रॉनपेक्षा लहान आणि अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण. पीएम 10 ची मर्यादा 24 तासांच्या सरासरीला घनमीटरमागे 100 मायक्रोग्रॅम, वर्षाच्या सरासरीला 60. आरोग्याच्या दृष्टीने ही सुधारणा योग्यच होती, कारण छातीत जातात ते लहान कण. जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची मर्यादा तर याहून बरीच कडक आहे: पीएम 10 साठी वर्षाला 15.

पण वाघिणीतून उडालेल्या भुकटीतला मोठा वाटा 10 मायक्रॉनच्या वरचा असतो. तो बाकावर बसतो, चादरीवर बसतो, भाताच्या खाचरात आणि विहिरीत पडतो. यंत्राच्या गाळणीपर्यंत तो पोचतच नाही. त्यामुळे असे होते: गावकरी काळे झालेले फडके घेऊन जातात, अधिकारी पीएम 10 चा आकडा दाखवतात, तो मर्यादेत असतो. दोघेही खरे बोलत असतात. दोघेही दोन वेगळ्या गोष्टी मोजत असतात.

त्यात यंत्र कुठे ठेवले आहे हा दुसरा भाग. शहराच्या चौकातले यंत्र शहराची हवा सांगते, ज्यात बंदर आले, ट्रक आले, बांधकाम आले, कचरा जाळणे आले. रुळापासून 15 मीटरवरच्या घराबद्दल ते काही सांगत नाही. आणि 24 तासांच्या सरासरीत रेक जातानाची दोन-चार मिनिटे विरघळून जातात. रुळाचा हिस्सा काढायचा तर रुळाच्या दोन्ही अंगांना, वाऱ्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूला, एकाच वेळी मोजावे लागते आणि गाड्यांच्या वेळा सोबत लिहाव्या लागतात. हे अवघड शास्त्र नव्हे. फक्त ते कोणाचे तरी काम असायला हवे.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब मांडतो. हे मोजलेले आकडे नव्हेत, नुसते गणित आहे. चार हजार टनांच्या रेकमधला दहा हजारांतला एक भाग वाटेत उडाला असे धरू. तो होतो 400 किलो. 80 किलोमीटरवर पसरला तर किलोमीटरमागे 5 किलो. दिवसाला पाच रेक धरल्या तर 25 किलो, वर्षाला सुमारे 9 टन, दर किलोमीटरला. पावसाळ्याचे चार महिने कोळसा ओला राहतो म्हणून निम्मे करा, तरी साडेचार टन राहतात. दहा हजारांतला एक हे प्रमाण बंदरवाल्याच्या वजनकाट्यावर दिसणारही नाही, व्यापाराच्या भाषेत ती घटच नव्हे. आणि हेच प्रमाण रुळाकाठच्या घराला मात्र रोजचे पुसणे लावते.

कायद्याच्या फटीतून

2017 मध्ये बंदराच्या विस्तार प्रकल्पांवर वास्कोत जनसुनावणी झाली. ती कित्येक दिवस चालली, लोक रात्री उशिरापर्यंत बोलत होते. ही सुनावणी झाली कारण बंदरे 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत येतात. लोहमार्ग त्या यादीत नाहीत. परिणाम असा की कोळसा जहाजातून उतरताना किती धूळ होईल याचा अहवाल लागतो, तो कोळसा 80 किलोमीटर उघड्या वाघिणीतून जाताना किती होईल याचा लागत नाही. होस्पेट ते वास्को मार्गाच्या दुपदरीकरणाचे, म्हणजे दुसरा रूळ टाकण्याचे, काम रेल विकास निगम या रेल्वेच्या बांधकाम कंपनीकडे आले तेव्हा गोव्याच्या सपाटीवरच्या गावांना सुनावणीच नव्हती. पंचायतींनी बांधकाम परवान्याचा मुद्दा काढला, तर समोरून रेल्वे अधिनियम 1989 चे कलम 11 दाखवण्यात आले. इतर कायद्यांत काहीही म्हटले असले तरी रेल्वेला आपली कामे करता येतात, असा त्या कलमाचा आशय.

मग वाट उरली ती जंगलाची. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे 240 चौरस किलोमीटर, आणि मार्ग त्यातून जातो. तिथे वन्यजीव मंडळाची मंजुरी लागते. दुपदरी रूळ, महामार्गाचे रुंदीकरण आणि वीजवाहिनी या तीन प्रकल्पांविरुद्ध 2020 मध्ये टाळेबंदीच्या काळात मोलेची चळवळ उभी राहिली. 1 नोव्हेंबरच्या रात्री चांदर येथे हजारो लोक रुळांवर येऊन बसले. मेणबत्त्या, ढोल, गाणी, आणि घोषणा एकच: ‘गोंयांत कोळसो नाका’. वेळसाव-कासावली भागात गोंयचो एकवोट ही संघटना घरांजवळून जाणाऱ्या दुसऱ्या रुळाविरुद्ध लढते आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल 2021 मध्ये दुपदरीकरणाची मंजुरी मागे घ्यावी अशी शिफारस केली. 37 ला 1 चढाच्या, देशातल्या अत्यंत अकार्यक्षम तुकड्याची क्षमता थोडीशी वाढवण्यासाठी पश्चिम घाटाचे एवढे नुकसान करण्यात अर्थ नाही, असा समितीचा रोख होता. 9 मे 2022 रोजी न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या भागाची मंजुरी रद्द केली आणि जैवविविधतेवरच्या परिणामांचा सविस्तर अभ्यास करून पुन्हा प्रस्ताव आणण्याची मुभा रेल विकास निगमला दिली.

निकाल मोठा आहे, त्याचे मोल कमी करायचे नाही. पण धुळीच्या बाजूने पाहिले तर यातून सुटलेली गोष्ट दिसते. वाघ, गवा आणि झाड यांच्या नावाने जंगलातला तुकडा थांबला. माणसे राहतात तो सपाटीचा तुकडा मात्र या निकालाच्या कक्षेत आलाच नाही. आणि आहे त्या मार्गावरून आज जाणाऱ्या गाड्यांच्या धुळीचा प्रश्न तर दुपदरीकरण झाले काय, न झाले काय, तसाच राहतो.

रेल्वेची बाजूही आहे. दुसरा रूळ फक्त कोळशासाठी नाही, प्रवासी गाड्यांसाठीही आहे, असे रेल्वे म्हणते. आणि हाच कोळसा ट्रकने अनमोड घाटातून गेला तर टनामागे धूर जास्त, अपघात जास्त, धूळ तर जास्तच. कोळसा जाणारच असेल तर तो रुळावरून जावा, हे मलाही पटते. म्हणूनच रुळावरच्या धुळीची जबाबदारी ठरवणे टाळता येत नाही.

घाटात

9 ऑगस्ट 2024 रोजी सकाळी सोनावळी आणि दूधसागर यांच्या दरम्यान कोळशाने भरलेल्या मालगाडीच्या 17 वाघिणी घसरल्या. कित्येक गाड्या रद्द झाल्या किंवा दुसऱ्या मार्गाने वळवल्या गेल्या, बातम्या बहुतेक त्याच्याच. घाटाच्या त्या कुशीतले पाणी दूधसागर नदीतून खांडेपारला जाते, आणि खांडेपार नदीवर ओपाचा जलप्रकल्प आहे. फोंडा आणि पणजीच्या बाजूचे नळ त्यावर चालतात. त्या पाण्यात कोळसा उतरला असे मी म्हणत नाही. अपघातात एकदम सांडते ते निदान दिसते तरी. रोजचे थोडे-थोडे पावसाळ्याच्या पहिल्या पाण्याबरोबर ओढ्यांत जाते, आणि ते तपासायचे तर जूनच्या पहिल्या आठवड्यातला गाळ काढून पाहायला हवा. उन्हाळ्यातल्या स्वच्छ पाण्याचा नमुना घेऊन काही कळणार नाही.

रुळाकाठच्या झाडांचे म्हणाल तर पानावर थर बसला की ऊन कमी पोचते, पानांची छिद्रे बुजतात, पान तापते. घाटात वर्षाकाठी इतका पाऊस पडतो की पाने दरवर्षी धुऊन निघतात. ऑक्टोबर ते मे हा काळ मात्र कोरडा, आणि फुलोरा-फळांचा हंगाम नेमका त्यातच.

तोच कोळसा, दुसऱ्या देशात

अमेरिकेतल्या वायोमिंगच्या पावडर रिव्हर खोऱ्यात मे 2005 मध्ये लागोपाठ दोन कोळशाच्या गाड्या घसरल्या. रुळाखालच्या खडीत कोळशाची भुकटी साचली होती. खडीचे काम पाणी वाहून नेण्याचे आणि भार पेलण्याचे. भुकटी साचली की पाणी अडते, खडी चिकट होते, रूळ खचतो. गंमत अशी की तिथे धुळीविरुद्ध पहिली तक्रार रेल्वेनेच केली. बीएनएसएफ या रेल्वे कंपनीचा अंदाज होता की एका डब्यातून 500 ते 2000 पौंड, म्हणजे सव्वादोनशे ते नऊशे किलो कोळसा वाटेत उडतो. वीज कंपन्या हटून बसल्या, प्रकरण तिथल्या रेल्वे नियामक मंडळापुढे गेले. 2011 मध्ये मंडळाने मानले की कोळशाची धूळ रुळाच्या खडीला घातक आहे आणि ती आवरण्याची वाजवी अट रेल्वे घालू शकते. मग डब्यातला ढीग ठरावीक आकारात सपाट करायचा आणि त्यावर चिकट द्रावण फवारायचे, म्हणजे वर पापुद्रा धरतो, अशी अट आली. धूळ 85 टक्क्यांनी कमी व्हावी हे लक्ष्य.

वायोमिंगचा आकडा उचलून गोव्याला लावू नये. तिथला कोळसा ठिसूळ, हवा कोरडी, गाड्या लांब आणि वेगवान. माझ्या वरच्या हिशेबातले प्रमाण त्यांच्या किमान अंदाजाच्याही विसाव्या हिश्श्याचे धरले आहे ते म्हणूनच. पण धूळ रुळाचेही नुकसान करते हा मुद्दा इथे कोणी जोराने मांडलेला दिसत नाही, आणि रेल्वेला पटेल असा तोच एक मुद्दा आहे. मुसळधार पावसाच्या, मोठ्या चढाच्या घाटात खडीतून पाणी वाहून जाणे म्हणजे प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न.

दुसरे उदाहरण आपल्याला जास्त लागू पडते. भारतात येणाऱ्या कोकिंग कोळशाचा मोठा वाटा ऑस्ट्रेलियाचा, त्यातही क्वीन्सलंडचा. तिथे 2010 पासून रेल्वेच्या कोळसाधूळ आराखड्यानुसार खाणीवरच वाघिणीतला ढीग वाफ्यासारखा सपाट करतात आणि त्यावर द्रावणाचा थर फवारतात. म्हणजे खाणीपासून तिथल्या बंदरापर्यंत जो कोळसा पापुद्रा घालून जातो, तोच मुरगावला उतरून पुढे ताडपत्रीच्या भरवशावर निघतो. तंत्र परके नाही, महागडेही नाही. तो मालही तोच आहे.

जबाबदारी कुठे बांधायची

माझ्या मते ती भरण्याच्या जागी बांधावी, रुळावर नव्हे. बंदराला मिळणाऱ्या हवा कायद्याच्या संमतिपत्रात ‘फाटकाबाहेर पडणारी प्रत्येक वाघिण’ अशी अट घालता येते: ढीग सपाट, कडा झाडलेल्या, वर द्रावण, ताडपत्री शाबूत. फाटकावर कॅमेरा आणि रेकमागे एक कागद. रेल्वेने तो कागद पाहिल्याशिवाय रेक घेऊ नये. रिकाम्या परतीच्या वाघिणींची सफाई कारखान्याच्या टोकाला, म्हणजे कर्नाटक मंडळाच्या हद्दीत. तिथे दोन राज्यांची मंडळे एकत्र बसावी लागतील, आणि हा भाग सगळ्यात जास्त रेंगाळेल असे मला वाटते. प्रदूषण करणाऱ्या मालावर उपकर बसवणारा 2013 चा कायदा गोव्याकडे आहेच. त्यातला थोडा पैसा रुळाकाठच्या मोजणीवर खर्च करायला नवा कायदा लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घूससारख्या ठिकाणी कोळशाच्या रेल्वे सायडिंगशेजारी, म्हणजे माल भरण्या-उतरवण्याच्या फाट्याशेजारी, राहणाऱ्यांनाही हीच मांडणी उपयोगी पडेल. तिथेही सायडिंगच्या आतले आणि बाहेरचे अशी धुळीची वाटणी झालेली असते.

आणि मोजणीसाठी पंचायतीने मंडळाची वाट पाहत बसायचे कारण नाही. बसणारी धूळ मोजायची जुनी, स्वस्त आणि भारतीय मानकात बसणारी रीत आहे, आयएस 5182 च्या पहिल्या भागातली. रुंद तोंडाचे भांडे, झाडाच्या किंवा छपराच्या आडोशात न येईल असे उंचावर, महिनाभर. एक रुळाजवळ, एक 50 मीटरवर, एक गावाच्या पलीकडच्या टोकाला तुलनेसाठी. महिन्याने प्रयोगशाळेत नेले की साचलेली धूळ वाळवून तोलतात, मग भट्टीत जाळून पुन्हा तोलतात. कोळशाचा बराचसा भाग जळून जातो, लोखंड, वाळू आणि माती उरते. पाने-काटक्या आधी गाळून काढाव्या लागतात, नाहीतर त्याही कोळशाच्या खात्यात जमा होतात. गाड्यांच्या वेळांची वही शेजारी ठेवावी, भरलेली रेक कोणती आणि रिकामी कोणती ते लिहावे. एप्रिल-मेचा एक महिना आणि पावसाळ्यातला एक, असे दोन तरी नमुने हवेत. पावसाळ्यात भांडे मोठे घ्यावे, आणि पाण्यात शेवाळ धरू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकावा.